भाव कळतो, पेरा कळत नाहीं

मागणीची वार्ता ज्यास आधीं मिळाली त्यानें नफा घेतला, ही व्यापाराची जुनी रीत होय. कास्तकारास मात्र ती वार्ता माल अडत्याच्या दुकानीं उतरल्यावरच कळत असे. मोबाईलच्या योगानें हा भेद हल्लीं पुष्कळ कमी झाला आहे. राज्य कृषि पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बार्शी, सोलापूर, लातूर येथील आवक व किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर परंड्यास बसल्या जागीं वाचतां येतात.

याचा लाभ खरा आहे. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळांत मोबाईल आले, तेव्हां मच्छीमार समुद्रांतूनच भाव विचारून गिऱ्हाईक असेल त्या बंदराकडे होडी वळवूं लागले. बंदराबंदरांतील भावांची तफावत घटली व मासळी फेकण्याची पाळी जवळजवळ संपली, असें रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानें २००७ सालीं दाखविलें.

परंतु होडी वळवितां येते, उभें पीक वळवितां येत नाहीं. ८ डिसेंबर २०२३ रोजीं कांद्याची निर्यात बंद झाल्याची वार्ता सर्वांस तत्काळ कळली. पण ज्याचा कांदा काढणीस आला होता त्यास तिचा उपयोग काय? आजचा भाव हा मागील पेऱ्याचा निकाल होय. उद्यांच्या भावाचें बीज यंदाच्या पेऱ्यांत असतें. आपणांस खरी उणीव आहे ती पेऱ्याच्या वार्तेची.

आणि ती वार्ता सरकारदरबारीं जमा होत आहे! १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद मोबाईलवर करितो. पूर्वीं गाव नमुना बाराची ही नोंद तलाठ्याच्या हातें कागदावर होई, आणि तिचे गोषवारे एकत्र होईपर्यंत माल बहुधा विकलेला असे, हें कारकुनी केलेल्या कोणासही ठाऊक आहे. आतां ती अडचण उरलेली नाहीं. तालुकावार, पीकवार गोषवारा दर आठवड्यास सोप्या मराठींत प्रसिद्ध व्हावा. खरिपाची नोंद पेरणीनंतर होत असली, तरी तूर किती येणार, रब्बींत कांदा किती लावावा, याचा अदमास तींतून बांधतां येईल. सर्वच लोक एका पिकाकडे धांवतील हें भय खरें. म्हणूनच गोषवारा वर्षांतून एकदां नव्हे, तर दर आठवड्यास हवा.

तथापि नडलेल्यास वार्ता निरुपयोगी आहे. ज्यास उद्यांच देणें भागवायचें आहे, तो भाव वाचून थांबूं शकत नाहीं. बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तूर, सोयाबीन गोदामांत ठेवून किमतीच्या तीनचतुर्थांशापर्यंत कर्ज मिळतें. वार्ता आणि तारण हीं गाड्याचीं दोन चाकें समजावींत.

आपल्या संघानें दर बाजाराच्या दिवशीं कार्यालयाच्या फळ्यावर तीन बाजारपेठांची आवक व सर्वसाधारण दर लिहावेत, आणि पेऱ्याच्या गोषवाऱ्याची मागणी तहसील कचेरींत लेखी नोंदवावी. आपणच भरलेली माहिती आपणांस वेळेवर परत मिळावी, एवढेंच हें मागणें आहे.

— एक निवृत्त महसूल कारकून, परंडा