भाडं थकलं म्हणून कुलूप?

परवा शेजारच्या काकू तणतणत आल्या. "पाच महिने भाडं नाही. मुलगा म्हणतो, पाणी तोडू, कुलूप ठोकू!" त्या भाड्यावरच त्यांचं घर चालतं. रागावणं साहजिकच. तरी मी म्हटलं, "काकू, नळाला हात लावू नका, गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल."

आमच्या शहराला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे. आधी थकबाकीची लेखी नोटीस द्यायची, पोचपावती जपायची. मग 90 दिवस थांबायचं, त्याआधी दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यावरही 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी, 15 टक्के व्याज आणि खर्च भरला, पुढचं भाडंही देत राहिला, तर या कारणावरून त्याला काढता येत नाही. काकू हिरमुसल्या. मला मात्र हे पटतं. त्या खोलीतही लेकरंबाळं आहेतच की.

"करार कुठाय?"

"शब्दावर दिली गं खोली!"

खरी गोची इथेच. करार लेखी करून नोंदवणं ही मालकाचीच जबाबदारी. नाहीतर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या! काकू आता जुन्या वह्यांत भाड्याच्या नोंदी शोधताहेत. सोमवारी आम्ही दोघी वकिलांकडे जाणार आहोत.