समुद्रावर येताय? तिथी बघून या

मंडळी, सुट्ट्या लागल्या. पुण्या-मुंबईहून, सातारा-कोल्हापूरकडून गाड्या घाट उतरायला लागल्यात, आणि यंदा बऱ्याच घरांतला बेत एकच आहे : निळा झेंडा मिळालेल्या किनाऱ्यावर जायचं. जरूर या. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या पाच किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग मिळाल्याचं जाहीर झालं : रायगडातलं श्रीवर्धन आणि नागाव, पालघरात डहाणूचं पारनाका, रत्नागिरीतलं गुहागर आणि दापोलीजवळचं लाडघर. आम्हा किनाऱ्यावरच्या माणसांना त्याचा अभिमान आहे. पण झेंडा लागला म्हणजे समुद्र निवळला, आता बिनधास्त उतरावं, असाही एक समज पसरतो आहे. तो जिवावर बेतणारा आहे. म्हणून ही कळकळीची विनंती : बॅगा भरण्याआधी हे वाचा, आणि ज्यांच्याबरोबर येणार आहात त्यांनाही वाचून दाखवा.

हा झेंडा देते ती पर्यावरण शिक्षणाचं काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिचं मुख्य कार्यालय डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला आहे. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये हा उपक्रम सुरू झाला आणि १९८७ पासून युरोपभर पसरला. भारतात २०२० मध्ये पहिल्यांदा आठ किनाऱ्यांना हा मान मिळाला. त्यात गुजरातचं शिवराजपूर, दीवचं घोघला, कर्नाटकचं कासरकोड आणि पडुबिद्री, ओडिशात पुरीचा गोल्डन बीच होता. किनाऱ्याला एकूण ३३ निकष पार करावे लागतात. पाण्याची शुद्धता, कचरा आणि सांडपाण्याची व्यवस्था, जीवरक्षक, प्रथमोपचार, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं, अपंगांना येता येईल अशी वाट, आणि लोकांना माहिती देणारे फलक, असं सगळं त्यात येतं.

यातली पाण्याची तपासणी नीट समजून घ्या, कारण त्यासाठीच तर तुम्ही हा किनारा निवडलात. पोहण्याच्या हंगामात साधारण महिन्याभराच्या आत पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे मुख्यतः दोन जिवाणू मोजतात, ई. कोलाय आणि एन्टरोकोकाय. दोन्ही माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहणारे. समुद्राच्या पाण्यात ते सापडले याचा अर्थ कुठून तरी मैला समुद्रात येतोय. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलायची संख्या २५० च्या आणि एन्टरोकोकायची १०० च्या आत असावी लागते. या तपासणीचे निकाल किनाऱ्यावरच्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. तेव्हा गाडीतून उतरल्यावर आधी त्या फलकापाशी जा. निकाल वाचा, तारीख बघा. तारीख जुनी असेल किंवा निकालच लावलेला नसेल, तर तिथल्या व्यवस्थापनाला विचारा. विचारणारे पाहुणे आले की गावालाही काम चोख ठेवावं लागतं. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ आणि शिंपल्यांचा थर दिसला, तर मात्र अस्वच्छ म्हणून नाक मुरडू नका. ते समुद्राचंच आहे आणि शक्यतो तिथेच राहू द्यावं, असं हे निकषच सांगतात.

त्याच फलकावर किनाऱ्याचा नकाशा असतो. तो बघितल्याशिवाय पाण्याकडे वळू नका. प्रमाणपत्र गावच्या अख्ख्या पुळणीला मिळत नाही, आखून दिलेल्या पट्ट्याला मिळतं. गुहागरची पुळण काही किलोमीटर लांब आहे. तिच्या भलत्या टोकाला, सुरूच्या बनाआड, एकांत बघून जे उतरतात त्यांच्यावर कुणाचीच नजर नसते. जीवरक्षकाची वेळ ठरलेली असते. ती संपली की झेंडा असला काय, नसला काय, पाण्यात तुम्ही एकटेच. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्यासाठी असतो. लाल झेंडा दिसला की पाण्यात पाय घालायचा नाही. यावर जीवरक्षकाशी हुज्जत घालू नका. तुमच्या मुलाएवढा तो पोरगा शिट्टी वाजवतो, तेव्हा त्याला पाण्यात काहीतरी दिसलेलं असतं.

पावसाळा सोडला तर समुद्र शांतच असतो, असं आम्हाला वरचेवर ऐकवलं जातं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा संपून चार महिने झाले होते. ती बातमी वाचून महाराष्ट्र हळहळला, आणि पुढच्याच सुट्टीत किनारे पुन्हा तसेच भरले. आम्ही आजही तेच बघतो. भरतीची वेळ विचारणारा पाहुणा विरळा. जेवण कुठे चांगलं मिळेल, हे मात्र सगळे विचारतात.

भरतीची वेळ काढायला पंचांग आणि पाऊणकी एवढंच पुरतं. जी तिथी असेल तिला पाऊणने गुणा, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ गावात विचारून घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि उतरतानाही तितकंच जोरात उतरतं. हे दिवस टाळता आले तर टाळा. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उंच लाटांचे इशारे देते, तिचं ‘समुद्र’ नावाचं मोबाइल ॲपही आहे. येण्याच्या आदल्या रात्री त्यावर एक नजर टाका. आणि जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत पोहण्याचा विचारही नको. त्या काळात ज्यांचा जन्म होडीत गेला ते कोळीसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात.

आता पाण्याच्या ओढीबद्दल, कारण माणसं जातात ती बहुतेक हिच्यामुळे. घोट्याभर पाण्यात उभं राहून बघा. लाट परतताना टाचांखालची वाळू सरकते आणि पाय दोन बोटं खाली जातो. कमरेएवढ्या पाण्यात हीच ओढ धडधाकट माणसाचे पाय उचलते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि वाळूच्या उंचवट्यांमध्ये जिथे खोलगट भाग असेल तिथून एका अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. वरून बघणाऱ्याला त्या पट्ट्यात लाटा फुटताना दिसत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये गडद, संथ पाणी. इथे लाटा नाहीत म्हणून आईवडील लहान मुलांना घेऊन नेमके तिथेच उतरतात. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारत बसू नका. पट्टीचा पोहणाराही त्या पाण्याविरुद्ध दमतो, आणि दमला की बुडतो. पाठीवर तरंगत राहा, एक हात वर करून मदत मागा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर, आडवं सरका. पट्टा अरुंद असतो. तो ओलांडला की ओढ कमी होते, मग तिरकं किनाऱ्याकडे या. किनाऱ्यावर उभे असाल तर बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे गेल्याचं कोकणातल्या कुठल्याही गावात सांगतील. जीवरक्षकाला हाक मारा. तोवर हाताशी असेल ते तरंगणारं काहीही फेका : रिकामा कॅन, थर्माकोलचा खोका, चेंडू, दोर. जीन्स, साडी, जाड सुती कपडे घालून पाण्यात जाऊ नका, भिजले की तेच खाली ओढतात. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्याजवळ जाऊ देऊ नका, मग तो घरातला कितीही मोठा असो. इथे भीड धरू नका.

हा झेंडा कायमचा मिळालेला नाही, हेही लक्षात असू द्या. प्रमाणपत्राचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि मध्येच निकष मोडले तर झेंडा उतरवतात. आंध्रच्या रुशिकोंडा किनाऱ्यावर २०२५ मध्ये हेच झालं. अस्वच्छतेच्या तक्रारींवरून झेंडे उतरले, आणि सगळं सुधारल्यावर मान परत मिळाला. आमच्याकडे सर्वांत जास्त नुकसान होतं ते गाड्यांनी. ओल्या वाळूवर गाडी पळवत व्हिडिओ काढायचा, मग चाकं रुततात, भरती चढू लागते, दारापर्यंत पाणी येतं, आणि गावकरी ट्रॅक्टर शोधत धावतात. गाडी निघते. तिचं ऑइल मात्र वाळूत जिरतं. गुहागरच्या पुळणीवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला येतात. दिव्यांचा झोत पडला की मादी अंडी न घालताच परत फिरते, आणि चाकाखाली घरटं आलं तर सगळंच संपतं. गाडी पार्किंगमध्येच ठेवा. रात्री किनाऱ्यावर शेकोटी नको, फटाके नकोत, मोठे दिवे नकोत. वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या ज्या पिशवीतून आणल्यात त्याच पिशवीतून परत न्या. बाळाचा डायपर वाळूत पुरू नका. पुढच्या उधाणाला तो वर येतो आणि पाण्यात जातो, त्याच पाण्यात, ज्याचा निकाल तुम्ही फलकावर वाचलात.

सहली काढणाऱ्या शाळा-कॉलेजांना, कंपन्यांना आणि यात्रा कंपन्यांना हात जोडून सांगणं आहे : बस किनाऱ्याला लागण्याआधी, सगळे जागेवर बसलेले असतानाच, भरती-ओहोटीच्या वेळा आणि पोहण्याची हद्द मोठ्याने सांगा. उतरताना डोकी मोजा, पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा मोजा. ओहोटीच्या वेळी सहल किनाऱ्यावर पोचणार असेल तर आधी देवदर्शन करा, जेवण करा, पाण्यात नंतर उतरा. आणि आमच्या गावांतल्या घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांनो, खानावळवाल्यांनो, घोडागाडीवाल्या दादांनो, पाहुणा नाराज होईल म्हणून गप्प राहू नका. खोलीच्या दारावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा खडूने लिहा. गल्ल्यावर बसलेल्या माणसाने बिल देताना त्या तोंडी सांगाव्यात.

हे क्रमांक आत्ताच फोनमध्ये जतन करा : कुठल्याही आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४. आणि ज्या घरी उतरणार आहात तिथे आजच फोन लावून विचारा, आम्ही येऊ त्या दिवशी भरती किती वाजता आहे, आणि जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो.