माशी आणि निंबोळी

‘झाडपाल्याचे औषध, गुण आला नाही तरी अपाय खचित होणार नाही,’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला हे मत मान्य नाही. माणसांच्या औषधांचा विचार वैद्यांनी करावा. मी बोलणार आहे तो माशीविषयी.

महाड तालुक्यातील तुडील असो की घाटावरचे एखादे गाव असो, पावसाळ्यात गोठ्याशी माश्या घोंघावू लागल्या, की कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतात. धुराने माश्या दूर जातात, मरत नाहीत. निंबोळीच्या अर्काचे काम याहून निराळे व अधिक खोल आहे. त्यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य १९६८ साली प्रथम वेगळे करण्यात आले. ते पोटात गेलेली अळी तत्काळ मरत नाही. तिची भूक मंदावते, वाढ खुंटते, आणि वेळ आली तरी तिला कात टाकता येत नाही.

एवढ्यावरच हे थांबत नाही. मुलांनो, माशीलाही रोगप्रतिकारशक्ती असते, हे ऐकून तुम्हांला हसू येईल. परंतु पिकल्या केळ्यावर जमणाऱ्या चिलटांच्या याच शक्तीचा शोध घेणारे ज्यूल्स हॉफमन २०११ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले! कीटकाच्या अंगात रोगजंतू शिरले, की त्याच्या रक्तातील पेशी त्यांना घेरतात. ढेकणाच्या जातीच्या एका रक्तशोषक किड्याला ॲझाडिरॅक्टिन दिले, तेव्हा या पेशींची संख्या घटली आणि जंतूंशी झुंजण्याचे त्याचे बळ ओसरले. उकिरड्यात, जंतूंच्याच राशीत वाढणाऱ्या माशीच्या अळीवर असा प्रसंग आला, तर तिचा निभाव कसा लागावा?

ज्या द्रव्याचे सामर्थ्य इतके, त्याला निरुपद्रवी कसे म्हणावे? तंबाखूतील निकोटीन वनस्पतिजन्यच आहे, आणि ते माणसाचाही प्राण घेते. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून काढलेले पायरेथ्रम माशी मारते, तशी मधमाशीही मारते. पाण्यात मिसळले तर मासेही मरतात. म्हणून मोहोर फुललेला असताना भर दुपारी फवारणी करणे आणि फवारणीचा पंप वहाळात धुणे, ही दोन्ही कामे मला सारखीच अविचाराची वाटतात. मग पंपातील औषध झाडाचे असो वा कारखान्यातले.

माशीपुरते बोलायचे, तर उन्हाळ्यात अंडे घातल्यापासून माशी उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. त्याआधीच गोठ्यातील शेण खड्ड्यात टाकून मातीने झाकले, तर अर्काची गरज फारशी उरत नाही. मात्र त्यासाठी घमेले उचलावे लागते, आणि बाटलीचे बूच उघडणे त्याहून सोपे असते.