रूळ गेले, वाट तरी राहो

सांगलीच्या स्टेशन चौकात आता गाडी येत नाही; नाव तेवढे टिकून आहे. मीटरगेजचे रूळ उचलले गेले, की उरलेल्या जागेचा धनी कोण, हा प्रश्न बहुधा अतिक्रमणेच सोडवतात. वास्तविक चढउतार टाळून आखलेली अशी पट्टी वृद्धांना व शाळकरी सायकलस्वारांना आयतीच वाट होय. राबणाऱ्या हातांची वाण नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील वेळू गावाने २०१६ साली श्रमदानाच्या बळावर पहिला वॉटर कप जिंकला. परंतु वेळूकरांनी घाम गाळला तो स्वतःच्या शिवारात. येथे जमीन परक्याची. म्हणून घमेली उचलण्यापूर्वी महापालिकेने व ग्रामपंचायतींनी रेल्वेशी लेखी करार करावा. अन्यथा विद्यार्थ्यांनी रविवार खर्चून बांधलेली वाट उद्या कुणाच्या तरी कुंपणाआड जाईल.