बॅटरी उलटी लागली, हिशेब सरळ ठेवा

मोटरसायकलची बॅटरी उलटी लागल्याची तीन प्रकरणे गेल्या काही महिन्यांत गिरडात आमच्यापर्यंत आली. आम्ही कारकून माणूस, गॅरेजवाले नव्हे. पण अर्ज लिहायचा असला, हप्ता थकला, बिल समजले नाही, की मंडळी कागद घेऊन आमच्या ओट्यावर येतात. त्या कागदांवरून जे कळले आणि ओळखीच्या वायरमन बंधूंनी जे समजावून दिले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

पहिले बंधू गवंडीकाम करतात. रोज गाडीने उमरेडकडे जातात. बॅटरी चार्जिंगहून आणली आणि घरीच बसवली. ठिणगी उडाली, गाडी मेली. मिस्त्रीने न उघडताच कागदावर लिहून दिले: नवी वायरिंग, नवा रेक्टिफायर, नवा सी.डी.आय., नवी बॅटरी आणि मजुरी. आकडा आठवडाभराच्या मजुरीहून मोठा. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, "गाडी नाही तं काम नाही भाऊ, आन हप्ता तं कोनासाठी थांबत नाही."

आम्ही एकच विचारले, यातले तपासले काय काय? तपासले काहीच नव्हते.

बॅटरी उलटी लागली की होते काय, हे आधी समजून घ्यावे. इंजिनात जी वीज तयार होते ती बॅटरीत भरण्याचे काम रेक्टिफायर करतो. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह पाणी वर येऊ देतो, खाली परत जाऊ देत नाही. रेक्टिफायरमधले डायोड विजेसाठी तसेच असतात. बॅटरी उलटी लावली की हा व्हॉल्व्ह सताड उघडतो आणि बॅटरीची सगळी ताकद त्यातून थेट चेसिसला धावते. "चावी तर बंद होती, मग जळले कसे?" असे पुष्कळजण विचारतात. बहुतेक गाड्यांत रेक्टिफायर चावीच्या अलीकडेच बॅटरीला जोडलेला असतो, म्हणून. उलट सी.डी.आय. बहुधा चावीच्या पलीकडे असतो. चावी बंद असताना चूक झाली असेल, तर तो वाचण्याचा संभव मोठा. तेव्हा पहिला प्रश्न हाच, की चावी चालू होती की बंद?

अशा वेळी आधी जळतो तो फ्यूज, आणि जळणे हेच त्याचे काम. एका आलूबोंड्याच्या पैशात तो मिळतो. गवंडी बंधूंच्या गाडीत नेमके तेच झाले होते. वायरमन बंधूंनी आधी मीटर लावून बॅटरी पाहिली. भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते, ही तेवढी दाखवत होती. म्हणजे बॅटरी जिवंत. ती सरळ जोडली, त्याच अँपिअरचा नवा फ्यूज घातला. तोही उडाला. मग त्यांनी फ्यूजच्या जागी ब्रेकलाइटचा जुना १२ व्होल्टचा बल्ब दोन तारांनी जोडला. ही युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. चावी बंद असताना हा बल्ब पेटता कामा नये. लख्ख पेटला, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्ब मध्ये असल्याने दुसरे काही जळत नाही. त्यांनी रेक्टिफायरचा कपलर ओढून काढला, बल्ब विझला. चोर सापडला. कपलर काढूनही बल्ब पेटत राहिला असता, तर वायर कुठे घासली वा वितळली ते शोधावे लागले असते. पुन्हा फ्यूज घातला, हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर सगळे चालले. एवढ्या मोठ्या यादीतून उरला एक रेक्टिफायर. तो हिंगणघाटहून आणून बसवला.

दुसऱ्या प्रकरणात मात्र वायरिंग खरोखरच गेली होती. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणी शहाण्याने त्या जागी तांब्याच्या तारेचे दोन पदर पिळून घातले होते. बॅटरी उलटी लागली तेव्हा तार जळली नाही, सीटखालचा वायरचा गठ्ठा वितळला. पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर असते हे कुणी ध्यानात घेत नाही. तारेने फ्यूज "दुरुस्त" करणारा मिस्त्री कितीही हुशार म्हणवत असो, त्याच्या हाती गाडी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चूक होते कशी? घरच्या वायरिंगवरून पुष्कळांच्या डोक्यात काळी तार म्हणजे वजा असे बसलेले असते. होंडा आणि हिरोच्या गाड्यांत अर्थिंगची तार हिरवी असते, लाल ही बॅटरीच्या अधिकची, आणि काळी तर चावीनंतरची अधिकची! इतर कंपन्यांचे रंग वेगळे. म्हणून रंगावर न जाता जी तार चेसिसला जाते ती वजा, असे धरावे. आपल्याकडच्या आजच्या गाड्यांना हा नियम लागू पडतो. जुन्या काळच्या अनेक इंग्लिश गाड्यांत मात्र अधिकची तार चेसिसला असे. दुसरे कारण, नव्या बॅटरीचे टर्मिनल कधी कधी जुनीच्या उलट बाजूला असतात. डावीकडची तार डावीकडे लावली की घात झाला. तिसरे कारण क्वचित घडते, पण घडते: पार उतरलेली बॅटरी चार्जिंगवाल्याने उलटी चार्ज केली, तर तिचे अधिक-वजाच बदलते आणि वरची खूण खोटी ठरते. बसवण्यापूर्वी मीटर लावावा. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला बटाटा आहे. अर्धा चिरून बॅटरीच्या दोन तांब्याच्या तारा त्यात बोटभर अंतरावर खोचाव्यात, एकमेकींना लागू देऊ नयेत. थोड्या वेळाने जिच्याभोवती हिरवट डाग पडेल ती अधिकची. तो बटाटा मग फेकून द्यावा, भाजीत टाकू नये!

बॅटरी काढताना वजाची तार आधी काढावी आणि लावताना शेवटी लावावी. अधिकच्या नटावरचा पाना चेसिसला लागला तरी मग ठिणगी पडत नाही.

तिसरे प्रकरण आम्हाला अधिक लागले. शेख फरीदांच्या दर्ग्यावर गर्दी होती, गॅरेजात घाई होती. हाताखालच्या सतरा वर्षांच्या पोराला मालकाने बॅटरी लावायला सांगितली. कशी लावायची हे त्याला कोणी शिकवले नव्हते. गिऱ्हाइकाची गाडी बंद पडली आणि सगळा खर्च पोराच्या पगारातून कापायचे ठरले. त्याची आई रडत आली. आम्ही मालकाला भेटून दोन गोष्टी सांगितल्या. एक, आधी बल्ब लावून पाहा, मग खर्चाचे बोला. फ्यूजच तेवढा गेला होता. दुसरी, कामगाराच्या पगारातून नुकसान असे परस्पर कापता येत नाही. त्याचा निष्काळजीपणा दिसला पाहिजे, त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात हे होते, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. मालक ऐकणारा निघाला. १४ वर्षांखालचे पोर तर परक्याच्या गॅरेजात ठेवणेच गुन्हा आहे, हेही जाता जाता सांगतो.

गिऱ्हाइकालाही हक्क आहे. गॅरेजच्या चुकीने गाडी बिघडली तर भरपाई मागता येते. वर्ध्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. पण पावती हवी. बदललेला जुना पार्टही मागून घ्यावा. तो खरोखर जळला होता की नाही हे कुणालाही दाखवता येते.

दुरुस्तीनंतर एक तपासणी राहून जाते. जुनी स्प्लेंडर बॅटरीशिवायही किकने सुरू होते, म्हणून इंजिन चालले म्हणजे सगळे ठीक असे समजू नये. इंजिन थोडे रेसवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरावा. पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर चार्जिंग बरोबर. साडेबाराच्या वर सरकत नसेल तर चार्जिंग नाही, आणि पंधराच्या वर गेले तर बॅटरी उकळून मरेल. एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत मात्र फ्यूज पाहण्यापलीकडे घरी हात लावू नये. त्यांचा कंट्रोल युनिट गेला तर तो खर्च फार मोठा असतो, तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात आधी निदान लेखी घ्यावे आणि मगच दुरुस्तीला होकार द्यावा.