विश्लेषण : सकाळी सातची शाळा, रात्री साडेआठचा क्लास, मुलांच्या डोळ्यांचे काय?

डोंबिवलीत किंवा ठाण्यात सकाळच्या सत्रात शिकणाऱ्या नववीतल्या मुलाचा दिवस साधारण असा असतो. शाळा सातला, म्हणून उठणे साडेपाचला. दुपारी घरी, चार-पाचला क्लास, तो सुटतो आठ-साडेआठला. आई-बाबा मुंबईहून लोकलने घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात, जेवणे दहाला, उरलेला गृहपाठ अकरापर्यंत. मग तासभर मोबाइल. हाती येणारी झोप साडेपाच तासांची. तेरा ते अठरा वर्षे वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्राविकारतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१६ मध्येच सांगून ठेवले आहे.

अशा मुलाचे डोळे चुरचुरू लागले, फळ्यावरचे अंधुक दिसू लागले, की घरात एकच निदान होते : ‘तो मोबाइल आधी ठेव!’ निदान खोटे नाही, पण मोबाइल हा दिवसातला शेवटचा तास आहे. आधीचे सतरा तास कोणी आखले, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही.

झोपेचा आणि डोळ्यांचा संबंध काय?

डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. पापणी लवली की तो सारखा पसरतो. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी लववतो, पडद्याकडे एकटक पाहताना मात्र हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. दिवसभर असा कोरडा पडलेला डोळा सावरतो तो रात्री, पापण्या मिटल्यावर. जागरणाने अश्रूंचे स्रवणच घटते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे झोप कापली की तूट दोन्हीकडून वाढते.

चुरचुरणारे डोळे मुले चोळतात, जोरात चोळतात. ही सवय साधी वाटते, पण केरॅटोकोनस या विकारात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, त्याची सुरुवात बहुतेकदा याच वयात होते आणि डोळे चोळणे हे त्याच्या जोखमीच्या कारणांपैकी एक आहे.

दुसरा संबंध उलट दिशेचा आहे. डोळा नुसता पाहत नाही, तो शरीराचे घड्याळही लावतो. दृष्टिपटलातल्या काही पेशी थेट प्रकाशाला प्रतिसाद देतात आणि दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवतात. २००२ च्या सुमारास हे स्पष्ट झाले. अंधार पडला की मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि झोप येऊ लागते. वयात येताना हे घड्याळ पुढे सरकते. पंधरा वर्षांच्या मुलाला दहाला झोप येत नाही आणि पहाटे साडेपाचला डोळे उघडत नाहीत, यात आळस कमी आणि शरीरधर्म जास्त आहे. त्यात रात्री डोळ्यांसमोर उजळ पडदा धरला की घड्याळ आणखी मागे रेंगाळते.

कमी झोपेने चष्म्याचा नंबर वाढतो?

इथे सबुरीने बोलायला हवे. दक्षिण कोरियातील राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीत जास्त झोपणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टीचे प्रमाण कमी आढळले. इतर काही अभ्यासांत मात्र असा संबंध दिसला नाही. त्यामुळे ‘झोप कमी म्हणून नंबर वाढला’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे धावतो आहे.

पुरावा भक्कम आहे तो दिवसाच्या उजेडाचा. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर काढले. तीन वर्षांनी त्यांच्यातील लघुदृष्टीचे नवे प्रमाण ३०.४ टक्के होते, एरवीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्यावर दिवसा दहा हजार लक्स आणि त्याहून कितीतरी जास्त उजेड असतो, वर्गात जेमतेम काहीशे. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामाइन स्रवते आणि नेत्रगोलाची लांबी वाढण्याचा वेग मंदावतो, असे आज बहुतेक संशोधक मानतात. दिवसाचा तोच उजेड रात्रीची झोपही वेळेवर आणतो.

आता वरचा दिवस पुन्हा पाहा. जानेवारीत ठाण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. मूल रिक्षात बसते तेव्हा अंधार, मग बंद वर्ग, दुपारी घरात डुलकी, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली क्लास. डोळ्यांना दिवसा उजेड नाही आणि रात्री अंधार नाही.

यावर सर्वांत सोयीचा उपाय चष्म्याच्या दुकानात मिळतो : ‘ब्लू कट लावून देऊ का?’ या भिंगांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचा पुरावा २०२३ च्या कॉक्रेन आढाव्याला १७ चाचण्या तपासूनही मिळाला नाही. ते पैसे वाचवा.

सरकारने वेळ बदलली होती ना?

बदलली, पण धाकट्यांसाठी. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेचा मुद्दा मांडला. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय निघाला. हेतू चांगला होता. पण ज्यांचे घड्याळ निसर्गतःच उशिराचे आहे, ती मोठी मुले त्यात नाहीत. शिवाय एकाच इमारतीत दोन सत्रे भरतात तिथे धाकट्यांना नऊनंतर न्यायचे, तर सातचे सत्र उरते कुणाच्या वाट्याला? कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. तिथे जागा आहे, आपल्याकडे जागेची टंचाई आहे, हे मान्य. तरी सातचे आठ करणे आणि रोजचा एक तास मैदानावर घेणे अशक्य नाही. कवायतीचा तास गणिताला देण्याची पद्धत तेवढी थांबवावी लागेल.

खरी गाठ क्लासची आहे. शाळा कितीही उशिरा भरवली आणि क्लास साडेआठलाच सुटत राहिला, तर रात्र तशीच राहणार. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शिकवण्या फार पहाटे किंवा फार रात्री नकोत, असे म्हटले आहे. सूचना कागदावर आहेत. पण नामांकित क्लासची संध्याकाळी सहाची बॅच पालकांनीच नाकारली तर वेळ बदलायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. सोसायटीच्या गच्चीचे कुलूपही दुपारी चार ते सहा उघडे ठेवता येईल.

तोवर, मूल फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवत असेल, डोळे बारीक करून पाहत असेल, वर्षभरात नंबर दोनदा बदलला असेल, तर दुकानातल्या संगणकावर न थांबता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेत्रविभाग आहे. तिथे नंबर तपासून घेताना मूल किती वाजता झोपते, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.