आधी नाडी पाहा, मग कागद



“सरकारी काम आणि सहा महिने थांब” ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांनी कचेरीच्या ओट्यावर बसून केली असावी. तलाठ्याकडचा फेरफार सहा महिने थांबला तर शेत कुठे पळून जात नाही. परंतु छातीत निघालेली कळ थांबत नाही, पोटातले पोर थांबत नाही, आणि सापाचे विष तर सहा घटकाही थांबत नाही. असे असता कचेरीची ती चाल दवाखान्यात जशीच्या तशी आपण का चालू देतो, एवढाच आज माझा प्रश्न आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यात शाळामास्तर आहे. गावात कोणाच्या घरी सरकारी कागद आला की तो वाचावयास माझ्या पडवीत येतो. त्यामुळे दुखणाइतांच्या कागदांचा व्यवहार मला जवळून पाहावयास मिळतो. गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगतो. दवाखान्याचे नाव घेत नाही, कारण दोष एका दवाखान्याचा नसून चालीचा आहे.

आमच्या गावच्या एका सुतारकाकांस मुतखड्याचा त्रास सुरू झाला. कळ आली की रंधा हातातून गळे व माणूस जमिनीवर लोळे. पहिल्या खेपेस ते एस.टी.ने निघाले. गाडी शहरात पोहोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. केस पेपरच्या रांगेत उभे राहिले. पुढे सात-आठ माणसे उरली तोच खिडकी बंद झाली. “उद्या सकाळी लवकर या.” दुसऱ्या खेपेस आदल्या रात्रीच शहरात सोयऱ्याकडे मुक्काम केला, तेव्हा डॉक्टरांचे दर्शन झाले. त्यांनी सोनोग्राफी सांगितली व तिची तारीख पडली अकरा दिवसांनी. तिसऱ्या खेपेस सोनोग्राफी झाली, शस्त्रक्रिया करावी लागेल असे ठरले, आणि ती योजनेतून फुकट होईल असेही कळले. काकांस हायसे वाटले. तोच रेशनकार्ड पुढे करण्याची वेळ आली.

काकांचे नाव देवाचे. रेशनकार्डावर ते ‘मारोती’ आहे, आधारकार्डावर ‘मारुती’. एकाच देवाची ही दोन नावे देवाला चालतात, संगणकाला चालत नाहीत. “तहसिलातून दुरुस्ती करून आणा,” असे उत्तर मिळाले. तहसिलीत गेले दोन दिवस. ती दुरुस्ती घेऊन चौथ्या खेपेस गेले, तर सोनोग्राफीचा कागद जुना झाला, पुन्हा काढा, पुन्हा तारीख घ्या!

त्या रात्री काका माझ्या पडवीत बसले व म्हणाले, “गुरुजी, खडा पोटात हाय का कागदात, हेच मला कळंना गेलंय.” दोन दिवसांनी काकूंचे डोरले सराफाकडे गहाण पडले आणि काका दुसऱ्या एका खाजगी दवाखान्यात पैसे मोजून मोकळे झाले. जी शस्त्रक्रिया सरकार फुकट देत होते, तिच्यासाठी घरातले सोने गेले. बुडालेला रोज आणि उसनवारी वेगळीच. २०२३ सालापासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट झाले, हे चांगले झाले. परंतु काकांबरोबर दर खेपेस जाणाऱ्या काकूंचा सोयाबीन काढणीचा बुडालेला रोज कोणी अर्धाही भरून दिला नाही.

आता सरकार काहीच करीत नाही असे म्हणणे खोटे होईल. २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू झाली, पुढल्या वर्षी ती सबंध राज्यात आली, आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. मराठवाड्यातील आठही जिल्हे, म्हणून आपला हिंगोलीही, आत्महत्याग्रस्त अशा चौदा जिल्ह्यांत धरले गेले व इथल्या शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजना लागू झाली. २०२४ च्या जुलैपासून तर कार्डाचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांस वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली गेली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केस पेपरची फीदेखील माफ झाली. हिंगोलीस २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. विहीर खोदली, तिला पाणी लागले, हे सर्व खरे. पण पोहरा कोणाच्या हाती येतो? चिठ्ठीची फी माफ झाली, चिठ्ठीची रांग माफ झाली नाही. ज्याला लिहिता-वाचता येते, ज्याचा कोणी ओळखीचा आत आहे, त्याला पाणी मिळते. बाकीचे काठावर उभे.

ज्यांचे नाव या योजनेस दिले, त्या जोतिरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. अडाणी कुणब्यास कचेरीतले कारकून व त्यांचे कागद कसे नागवतात, हे त्यांनी त्यात उघडे करून दाखविले. सावित्रीबाईंनी तर १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलास पाठीवर घेऊन आपल्या यशवंताच्या दवाखान्यात पोहोचविले व त्याच साथीत स्वतःचा देह ठेवला. त्या माउलीने पाठीवरच्या पोरास नावाचा काना-मात्रा विचारला नव्हता. तेव्हा ज्या योजनेवर जोतिरावांचे नाव आहे, तिच्या दारातून मारोती आणि मारुती यांच्या भेदापायी सुतार परत फिरावा, यास काय म्हणावे?

तेव्हाच्या कचेरीत खिडकीमागे परका बसे व आपण बाहेर असू. आज खिडकीमागे पुष्कळदा आपलेच पोर बसलेले असते. त्याचा बाप कुणबी, माळी, धनगर, कुंभार असतो. ते पोर दुष्ट नाही. माणसे थोडी, गर्दी फार, आणि वरून दम असतो की एक कागद कमी पडला तर जबाबदारी तुझी. म्हणून ते कागदाकडे पाहते, माणसाकडे पाहत नाही. खिडकीमागचा माणूस बदलला, खिडकीची रीत बदलली नाही. ती बदलणे हे आता आपले काम आहे.

आणि आता माझ्या धंद्याचा गुन्हा कबूल करतो. काकांच्या आधारावर ‘मारुती’ आले कोठून? शाळेच्या दाखल्यावरून. दाखल्यावर आले कोठून? माझ्या आधीच्या गुरुजींच्या लेखणीतून. बापाने ‘मारोती’ सांगितले, गुरुजींनी ते शुद्ध करून लिहिले. मीही अध्यापक विद्यालयातून हीच खोड घेऊन आलो. रखमाची रुक्मिणी केली, गोदाची गोदावरी केली आणि मोठे ज्ञानदान केल्याच्या तोऱ्यात रजिस्टर मिटले. जन्मतारीख ठाऊक नसली की सरसकट १ जून टाकण्याची चाल तर सर्वांस माहीत आहे. माझा स्वतःचा वाढदिवसही १ जूनचाच आहे! आम्ही मास्तरांनी ज्या चुका सहज केल्या, त्यांचा दंड आज दुखणाईत भरतो आहे. निजामाच्या अमदानीत आपल्याकडचा सरकारी कागद उर्दूत असे, आज तो ऑनलाइन आहे. आमच्या सुतारकाकांना तो तेव्हा वाचता आला नसता आणि आजही येत नाही.

कोणी म्हणेल, कागद पाहिले नाहीत तर खोटे रोगी उभे राहतील, खोटी बिले निघतील. शंका रास्त आहे. लबाडी होते, ती पकडलीच पाहिजे. परंतु रेशनकार्ड सरकारचे, आधार सरकारचे, सातबारा सरकारचा. एका कचेरीचा कागद दुसऱ्या कचेरीस हवा असेल तर तो त्यांनी आपसात मागवावा. कळा सोसणाऱ्या माणसास त्यांनी टपालवाला का करावे? तपास जरूर करा, पण माणूस खाटेवर असताना करा, दाराबाहेर उभा करून नव्हे. तातडीच्या रोग्यासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय या योजनेत आहेच. ती किती जणांस सांगितली जाते?

ही केवळ दयेची याचना नव्हे. अपघातातील जखमीवर आधी उपचार करा, कायद्याचे सोपस्कार मागून, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. १९९२ साली बंगालात आगगाडीतून पडून डोक्यास मार लागलेल्या एका शेतमजुरास एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत लावले. अखेर त्याने खाजगी दवाखान्यात पैसे मोजून जीव वाचविला. त्याच्या दाव्यात १९९६ साली न्यायालयाने सांगितले की, सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचाच भंग होय, आणि त्यास २५ हजार रुपये भरपाई देवविली. तो आपल्यासारखाच एक मजूर होता.

तेव्हा आपल्या मागण्या साध्या असाव्यात. खेड्यांच्या गाड्या कोणत्या वेळेस शहरात पोहोचतात ते पाहून केस पेपरच्या खिडकीची वेळ ठेवा. लागणारे सर्व कागद एकदाच, मोठ्या मराठी अक्षरांत भिंतीवर लिहा. आज एक, उद्या दुसरा असे नको. लांबून आलेल्या माणसाची तपासणी होईल तितकी एकाच दिवशी उरका. नावात काना-मात्रेचा फरक असेल तर मुख्याध्यापकाचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा माना व दुरुस्ती मागून होऊ द्या. आणि माणसास परत लावावयाचे असेल तर त्याचे कारण लेखी द्या.

आपणही हात बांधून बसू नये. दुखणे आल्यावर कागद शोधणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. घरातील सर्वांची आधारकार्डे, रेशनकार्ड व आधीचे दवाखान्याचे कागद एका पिशवीत ठेवा. नावे सारखी आहेत की नाहीत, हे अंग धड असतानाच ताडून पाहा. सासर-माहेरच्या दोन नावांमुळे बायांचे कागद सर्वांत जास्त अडतात. त्यांचे आधी पाहा. अडचण आली तर गुपचूप परत फिरू नका. दवाखान्यातील आरोग्यमित्रास गाठा, योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करा, आणि नकार लेखी मागा. तोंडी नकार देणारे पुष्कळ असतात, लेखी देताना हात थबकतो.

माझ्यापुरते मी दोन गोष्टी ठरविल्या आहेत. येत्या जूनपासून शाळेच्या रजिस्टरात आई सांगेल तेच नाव, आई उच्चारील तसेच, आणि जन्माच्या दाखल्यावर असेल तीच तारीख लिहीन. दुसरे असे की, दर रविवारी सकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवीन. सातवी-आठवीची चार हुशार पोरेपोरी बसतील व गावाचे कागद ताडून पाहतील. पोरांचे वाचन होईल, गावाचे काम होईल. माझ्या इतर मास्तर बंधूंनीही आपापल्या गावी हे करून पाहावे. यास ना खर्च लागतो ना वरची मंजुरी.

काकूंचे डोरले अजून सराफाकडेच आहे. काका ते सोडविण्यासाठी लोकांच्या दारे-खिडक्या करीत आहेत. पहिल्या रविवारी कागदांची पिशवी घेऊन तेच सर्वांच्या आधी आले.

— एक शाळामास्तर, हिंगोली जिल्हा